रास अल खैमाच्या घळीतला बर्फ

त्या हिवाळ्यात इथे आखातात, रास अल खैमाच्या डोंगरावर बर्फ पडल्याची बातमी आली आणि शुक्रवारी सकाळीच थोरल्या दिरांची गाडी आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. माझा नवरा त्यांच्याच काँट्रॅक्टिंग कंपनीत नोकरीला, व्हिसाही तिथलाच. दादांना नाही म्हणायची सोय आमच्या घरात नव्हती.

लग्नाआधी मी हिमालयात गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. चार माणसं जमली की दादा त्यावरून माझी टर उडवायचे.

गाडीचा रस्ता संपला तिथून आम्ही तिघं चालत निघालो. वर पोचेतो ऊन चांगलंच तापलं होतं. उघड्या, भुऱ्या खडकांमधल्या एका अरुंद घळीत तेवढा बर्फ उरला होता. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत रुतला. खालून पाणी झिरपल्याचा आवाज येत होता. म्हणजे गारठ्याने घट्ट धरलेले वरचे दगड आता सुटे होत होते.

"दादा, घळीत नको. बाजूच्या डोंगराच्या सोंडेवरून जाऊ. हे वरून कधीही सुटेल."

"हा काय एव्हरेस्ट आहे?" ते हसले. "घाबरत असशील तर गाडीत जाऊन बस."

नवरा खाली बघत राहिला. मला त्या दोघांचाही संताप आला.

दादा घळीत शिरले. आधी दोन-तीन खडे टणटणत आले. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बाजूला व्हा!" ते मागे वळेपर्यंत ओला बर्फ आणि दगड एकदमच आले. टिपरने खडी ओतावी तसा आवाज झाला. दादा कमरेपर्यंत गाडले गेले आणि किंचाळू लागले.

वरून आणखी येणार होतं. नवऱ्याला सोंडेवर उभं करून मी म्हटलं, "नजर वरच ठेव, काही हललं की ओरड." हातांनी दगड उपसत मी दादांना मोकळं केलं आणि काखेत धरून ओढत बाहेर काढलं. त्यांचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. खरं सांगायचं तर मला दया आली नाही. त्या ओल्या, काळपट घळीचा राग आला होता, आणि त्यांचाही.

हॉस्पिटलमध्ये जाऊबाई धावत आल्या. दादांनी पलंगावरूनच माझ्याकडे बोट दाखवलं. "ही किंचाळली म्हणून मी बिचकलो, पाय घसरला. नाहीतर काही झालं नसतं."

जाऊबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी दाराकडे वळले. तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला.

"खोटं बोलू नका, दादा. हिने सांगितलं होतं. मी तिथेच होतो."

दादांचा चेहरा लालबुंद झाला. "मग उद्यापासून ऑफिसला येऊ नकोस. खलास."

तो खरंच गेला नाही. पुढे मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये त्याला काम मिळालं आणि आम्ही अबूधाबीला आलो. दादांचा पाय जुळला. आमच्याशी ते अजून बोलत नाहीत, आणि मीही कधी फोन केला नाही.