अमृताच्या फर्मची गाडी सोलापुरात आली

गेल्या आठवड्यात माझ्या जळकेपणाची अगदी कमाल झाली. सोलापूरच्या भर उन्हात, स्टँडसमोर, एका एसी गाडीतून ब्लेझर घातलेली अमृता उतरली… आणि मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून, घामाघूम होऊन तिची वाट बघत उभी.

अमृता माझी लॉ कॉलेजची मैत्रीण. दोघी बार्शीच्या, एकाच बाकावरच्या, एकाच रूमवरच्या. मुंबईच्या एका मोठ्या कॉर्पोरेट फर्ममध्ये उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी आम्ही शेजारी बसून अर्ज भरले, दोघींचे ऑनलाइन इंटरव्ह्यू झाले… आणि बोलावणं तिला एकटीलाच आलं. मी "किती छान गं" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग सगळा उन्हाळा इन्स्टावर तिच्या स्टोऱ्या. काचेची बिल्डिंग, गळ्यात कार्ड, कॉफीचं मशीन, खिडकीतून दिसणारा समुद्र… आणि मी इथे कोर्टात, आमच्या वकील सरांच्या फायली घेऊन झेरॉक्सच्या रांगेत. एकही स्टोरी मी सोडली नाही आणि एकीलाही लाइक दिलं नाही.

त्यात तिच्या फर्मचं काम नेमकं आमच्याच सरांकडे आलं. केम गावाजवळ एका कंपनीला सोलर प्रकल्पासाठी जमीन हवी होती, त्यासाठी सगळ्या वारसांची कागदपत्रं तपासून सह्या घ्यायच्या होत्या. सरांची त्या दिवशी तारीख होती, म्हणून फर्मच्या मॅडम आणि अमृता यांच्यासोबत त्यांनी मला पाठवलं.

खरं सांगते, मी मनात पक्कं ठरवून गेले होते. इंटर्न कोण घ्यायचं हे याच मॅडम ठरवतात, असं अमृताच एकदा बोलून गेली होती. आज असं काहीतरी करायचं, की पुढच्या उन्हाळ्यात तिच्या खुर्चीवर मी.

गाडीत मॅडम तिला 'अ‍ॅमी' म्हणत होत्या. ऐकून आधी हसू आलं… आणि लगेच वाटलं, मला का नाही कुणी असं काही म्हणत.

जमीनवाल्यांच्या घरी पोचलो तर ओसरीवर सतरंजी टाकलेली, आमच्यासाठी खुर्च्या, चहा तयार. सगळी भावंडं जमली होती. सगळ्यात थोरल्या बहीण, म्हणजे घरातल्या पोरांच्या थोरल्या आत्या, तर नातेपुत्याहून एसटीनं आल्या होत्या.

मॅडम आधार कार्डं आणि सातबारावरची नावं ताडून बघायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. सातबारावर मंगल नावाची एक बहीण होती, पण कार्डांमध्ये मंगल कुणीच नव्हती. उलट सुलोचना नावाची एक बाई होती, जिचं सातबारावर नावच नव्हतं.

मॅडम अमृताला इंग्रजीत म्हणाल्या, की या लोकांनी एक वारस लपवलाय, आज सह्या होणार नाहीत, निघू या. घरच्यांना इंग्रजी कळलं नाही. पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मला मात्र क्षणात उलगडा झाला. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत… माझी आईच माहेरी एक आणि सासरी दुसरी आहे. थोरल्या आत्या म्हणजेच सुलोचना, आणि सुलोचना म्हणजेच मंगल.

हीच ती संधी. मी घाईघाईनं मनात इंग्रजी वाक्य जुळवायला लागले. "मॅम, इफ आय मे…" आणि पुढे 'अ‍ॅक्च्युअली' घालावं की नको, यातच अडकले.

तेवढ्यात अमृता खुर्चीवरून उठली आणि त्या ब्लेझरसकट सतरंजीवर, आत्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. त्यांच्याकडे वळून तिनं हळूच विचारलं.

"आत्या, म्हायेरी तुमाला काय नावानं हाक मारायचे?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिल्या. भावंडं त्यांना अक्काच म्हणत होती, भावजया वन्सं.

"मंगल," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापास्नं त्या नावानं कुनी बोलवलं न्हाय बग मला."

आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

पुढचं सगळं सोपं होतं. अमृतानं मॅडमना पद्धत समजावून सांगितली. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र मी तयार करायचं ठरलं, ते माझं इथलं रोजचंच काम. मॅडम तिला "गुड कॅच, अ‍ॅमी" म्हणाल्या आणि माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मलाही माहीत होतं की! ब्लेझर बघून मी विसरलेच होते, की ही पण इथलीच आहे.

निघताना आत्या गाडीपर्यंत आल्या. अमृताचा हात धरून म्हणाल्या, "जाता जाता येकदा नावानं हाक मार की गं."

"येते, मंगलआत्या," अमृता म्हणाली. आत्या एवढ्या छान हसल्या, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

परतीच्या वाटेवर मला एकच गोष्ट टोचत राहिली. माझं उत्तर बरोबर होतं, पण ते मॅडमसाठी होतं… मी ते आत्यांच्या डोक्यावरून इंग्रजीत सांगितलं असतं, आणि त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

जळते मी तिच्यावर अजूनही, खोटं कशाला बोलू. पण आता सगळ्यात जास्त यावरून जळते, की आत्यांनाच विचारावं हे तिला सुचलं आणि मला नाही. थँक यू, अमृता… गाडीत शेजारी बसून हे सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं.