तेच पाच शब्द

क्लबात त्यांना सगळे पट्टीताई म्हणत. सोळा वर्षं त्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या पोरींचे घोटे बांधले. कुणाच्या डोक्याला मार बसला की तिला रेषेबाहेर बसवून पाच शब्द सांगायच्या: खिडकी, साबण, घोडा, लिंबू, दोरी. दहा मिनिटांनी आठवले नाहीत तर खेळ बंद. लहानग्यांना वार उलटे म्हणायला लावायच्या, मोठ्यांना महिने. तपासणीच्या कागदावर शब्दांच्या आणखी पाच याद्या होत्या. पण ताईंना ही पाठ होती, मग चष्मा कोण शोधणार!

आज गोलरक्षक पोरीचं डोकं खांबावर आदळलं. ही ताईंची सख्खी भाची, बहिणीच्या माघारी त्यांनीच वाढवलेली. उलटे महिने म्हणताना तिने मे गाळला, पण दहा मिनिटांनी पाचही शब्द घडाघडा सांगितले. प्रशिक्षक घाई करत डोक्यावर उभे होते. ताईंनी मान हलवली आणि पोर आत गेली.

बाकावरची राखीव खेळाडू खुदकन हसली. "ताई, ते शब्द आम्हाला झोपेतही येतात. बसमध्ये आम्ही त्यांचं गाणं म्हणतो!"

ताई ताडकन उभ्या राहिल्या. मे गाळला तेव्हाच तिला बसवायला हवं होतं. शंका आली तरी बाहेर, हे त्यांनीच दर हंगामात कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. आता त्यावर दुसरा मार बसला तर पोर हातची जाईल.

"तिला बाहेर काढा!" त्या प्रशिक्षकांवर ओरडल्या.

"आत्ता तुम्हीच पाठवलंत ना? कॉर्नर आहे ताई, थांबा जरा."

ताई थांबल्या नाहीत. दुखरे गुडघे घेऊन त्या सरळ मैदानात घुसल्या. पंचाने शिट्टी फुंकली, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. गोलपाशी पोहोचून त्यांनी भाचीचे खांदे धरले.

"नवे शब्द देते. म्हण माझ्यामागून. चमचा, ढग, कुलूप, बटाटा, चटई."

पोरीने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली. "खिडकी, साबण, घोडा, लिंबू, दोरी." मग हसून म्हणाली, "सगळे आले ना, आई?"

ती त्यांना मावशी म्हणायची. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

ताईंनी तिला हळूच गवतावर बसवलं, आणि स्ट्रेचरसाठी हात वर केला. तो खाली घेण्याचं भान त्यांना बराच वेळ राहिलं नाही.