चुडाव्यातलं पस्तान

बानूबाई आमच्या पडवीत का राहते, असं नवीन माणूस विचारतंच. मी कस्तुराबाई, चुडाव्याच्या दिनकररावांची सून. सांगायला बसले की माझा संताप होतो, पण सांगते.

बानू धनगराची. तिचे सासरे उमाजीमामा दरसाल आमच्या रानात मेंढ्या बसवायचे, खताला. त्यांचा एकुलता रायभान पूर्णेला रेल्वेत कोळसा टाकायचा. तिथल्याच चंद्रभानच्या नादानं तो आफ्रिकेत गेला, मोंबाशाला. तिकडं रेल्वेत नोकरी लागली, डोक्यावर छप्पर झालं, तसं त्यानं बायकोला बोलावलं. चंद्रभान सुट्टीवर आला तेव्हा बानूचं बोटीचं तिकीट घेऊन आला. तो अन् त्याची बायको त्याच बोटीनं परत जाणार होते. बानूनं फक्त सासऱ्यासंगं जाऊन मुंबईच्या धर्मशाळेत त्यांना गाठायचं होतं.

झालं! उमाजीमामांच्या अंगात वारंच शिरलं. ज्यानं जन्मात परभणीच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, तो माणूस समुद्राच्या तयारीला लागला. ठेसनावरच्या मास्तरला विचार, रजेवर आलेल्या शिपायाला विचार, बोरीच्या बाजारात भेटेल त्याला विचार. आमच्या अंगणात उकिडवे बसून मेंढ्यांच्या वाळल्या लेंड्या मांडायचे. ही लेंडी चुडावा, ही पूर्णा, ही मनमाड. इथं गाडी बदलायची. ही मुंबईची धर्मशाळा, इथून बंदरापस्तोर टांगा.

"अन् बैलगाडी कुठं लावायची, मामा?" मी विचारायची.

"तुमच्याच गोठ्यात, सूनबाई, ठेसन हितून जवळ. मालकाला इचारलंय. बैलाला कडबा मी संगंच आणतो."

एकदा कोंबडी आली अन् सगळं विस्कटून गेली. मी म्हणलं, "मामा, तुमचं मनमाड गेलं की हो!" बानू पदर तोंडात धरून हसायली. मामा काही रागावले नाहीत, पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागले. बानूला सगळं पाठ झालं होतं. जात्यावर बसली तरी पुटपुटायची, मनमाडला गाडी बदलायची, मुंबईला डाव्या हाताला धर्मशाळा.

एकच नड निघाली. निघायचं शुक्रवारी, अन् मुंबई मावळतीला. शुक्रवारी मावळतीला दिशाशूळ. मग आपल्याकडं करतात तसं केलं, गुरुवारीच पस्तान ठेवलं. म्हणजे जाणाऱ्याचं गाठोडं चांगल्या दिवशी घराबाहेर काढून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघालं. मग त्यानं माघारी फिरायचं नाही अन् गाठोडंही माघारी न्यायचं नाही. मामांनी गाठोडं आणून माझ्या सासूबाईंच्या, पार्वतीबाईंच्या हातात दिलं. त्यात बानूचं लुगडं, खण, मूठभर तांदूळ, सुपारी, अन् बोटीचं तिकीटसुद्धा.

"तिकीट तरी कंबरंला असू द्या की," मी म्हणलं.

"न्हाई सूनबाई. जे जायचं ते सगळं आदी निघालं पायजे."

सासूबाईंनी ते माजघरात खुंटीला टांगलं. अन् शुक्रवारी दिवस उगवायच्या आत आमची आजेसासू गेली. आजार नाही, दुखणं नाही. हाक मारायला गेले तर अंग गार!

मामांची गाडी आली तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती. बानू नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून गाडीत बसलेली. मामांनी बैलं थांबवली, रडणं ऐकलं अन् जागीच खिळले.

आमचे हे, भुजंगराव, म्हणले, "मामा, उशीर करू नका. गोमूत्र शिंपडून देतो गाठोडं. गाडीची येळ झाली."

"मेल्या घरातलं गाठोडं?" मामांचा आवाज फाटला. "सुतकातलं गाठोडं घिऊन समुद्रावर जायचं? लेकरू हाय माझं तिकडं!"

बानू उतरून सरळ दाराकडं निघाली. "मामंजी, मी घेते. माझं हाय ते."

"घे," मामा म्हणले. "पर तुझ्या कुंकवावर आलं तर मला सांगू नको."

पोर उंबऱ्याबाहेर थांबली. मी आतून बघत होते. मनात म्हणत होते, ये गं बाई, ये, काढ ते खुंटीवरून! पण प्रेत घरात असताना सुनेनं काय बोलावं? रेल्वे आली, शिट्टी झाली, गेली. बानू उभ्या उभ्या खाली बसली.

मामा म्हणले, हरकत नाही, सुतक फिटू दे, रायभान दुसरं तिकीट पाठवील. बानूला मात्र घरी नेलं नाही. "निघालेल्या माणसानं माघारी उंबरा वलांडू नये, पस्तान मोडतं. इथंच ऱ्हा." तशी ती आमच्या पडवीत राहिली. दुसरं तिकीट यायच्या आत लढाई पेटली. बोटी फौजेकडं गेल्या म्हणे. पुढं खबरही बंद झाली. ती रोज कुंकू लावायची, आमच्या रानात राबायची. रेल्वेची शिट्टी झाली की हातातलं काम थांबायचं.

लढाई संपल्यावर चंद्रभान आला, एकटाच. त्यानं सांगितलं, बोट तिकडं लागली त्या दिवशी रायभान धक्क्यावर उभा होता. सगळी माणसं उतरली तरी हलला नाही. चंद्रभानच्या बायकोला विचारायचा, वैनी, मागं हाय का ती? पुढच्याच साली तापानं गेला. "आमी लांब व्हतो कामावर. पाणी पाजायला कोणी नव्हतं," चंद्रभान म्हणला अन् रडला.

कुंकू राखायला गाठोडं मागं ठेवलं अन् इथं ही मेल्या नवऱ्याचं कुंकू लावत बसली होती! देवा, काय म्हणावं याला?

दुसऱ्या दिवशी उमाजीमामा गाडी घेऊन आले. दोन्ही कासरे हातात धरून अंगणात उभे राहिले. सगळा रस्ता ज्यांना तोंडपाठ होता ते मामा मला विचारायले, "गाडी कुठं लावू, सूनबाई?"

बानू पडवीतून बाहेर आली. कपाळ मोकळं होतं.

"चल पोरी घरी," मामा म्हणले. "म्हातारीला अन् मला आता तूच हायस."

"मी तर निघालेली हाय, मामंजी. निघालेल्या माणसानं माघारी उंबरा वलांडू नये. तुमीच सांगितलं व्हतं."

कासरे मामांच्या हातातून सुटले. तिनंच ते उचलले, त्यांच्या हातात दिले.

"गाडी लावू नका," ती म्हणली. "उन्हाच्या आत जा."