पिउऱ्याचे उत्तर

जसहर्क राईला गावात सगळे 'पिउरा दाजू' म्हणत. दाजू म्हणजे थोरला भाऊ, पिउरा म्हणजे डोंगरातला तित्तिर. स्वभावाने मुलखाचा लाजरा, आवाज मात्र लांबलचक, उदास शिळेसारखा. जसहर्क ओठांचा चंबू करून ती शीळ इतकी हुबेहूब घाली की पक्षी झुडपातून चालत पुढ्यात येई. या शिळेवर त्याने उभा जन्म पक्षी बघायला येणारे पाहुणे फिरवले, घराला दोन खोल्या वाढवल्या, मुलाला शिकवले.

तोच मुलगा आता सिलिगुडीहून सारखा फोन करी. "बाबा, वर पक्षी उरले नाहीत, पाहुणे तरी कशाला येतील? आईला घेऊन खाली या. इथे गोदामावर पहारेकऱ्याची जागा आहे."

जसहर्कचे उत्तर ठरलेले असे. "पिउरा बोलतोय तोवर मी हलत नाही."

आणि पिउरा बोलत होता. डोंगर खणून रस्ता आला, तेव्हापासून तो कोणाला दिसला नव्हता. पण पहाटे गोठ्यामागे उभे राहून शीळ घातली की धुक्यातून, वरच्या धारेकडून उत्तर येई. पलीकडच्या उतारावरचा फुर्बा तमांगही असाच पाहुणे फिरवणारा. हाटात भेटला की तो छाती काढून सांगे, "दाजू, माझ्याकडेही रोज बोलतो हं!"

"अरे, माझाच असेल तो. तुझ्याकडे नुसता जेवायला येतो." दोघे पोट धरून हसत.

त्या चैत्रात कलकत्त्याचे लाहिरीबाबू आले. जुने पाहुणे, आता गुडघ्यांनी बेजार.

"जसहर्क, या खेपेला पिउरा दाखवच. नाहीतर आमची मंडळी पुढच्या वर्षी भूतानला जायचं म्हणताहेत."

"दाखवतो ना, बाबू."

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको जशमायाने भाजलेला मका फडक्यात बांधून दिला. "नुसती शीळ घालून येऊ नका. पक्षी दाखवून या," ती म्हणाली.

धारेवर धुके असे दाटले होते की मागे वळून पाहिले तर बाबूंची काठी दिसे, बाबू दिसत नसत. जसहर्कने शीळ घातली. उत्तर आले. थोडे वर चढून त्याने पुन्हा घातली. या वेळी उत्तर जवळून आले.

"येतोय!" बाबू कुजबुजले आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात वरून एक दगड घरंगळत आला. जसहर्क जागीच थांबला. पिउऱ्याच्या पायाखालून एवढा दगड सुटत नाही. तरी त्याने आणखी एकदा, अगदी हळू, शीळ घातली.

समोरच्या निगाल्याच्या, बारक्या बांबूच्या बेटातून उत्तर आले, आणि पाठोपाठ पाठीवर डोको, गवताची टोपली घेतलेला माणूस बाहेर आला. त्याच्या ओठांचा चंबू अजून तसाच होता.

"दाजू? तुम्ही?" फुर्बा म्हणाला.

"तू रोज शीळ कुठून घालतोस रे?"

"इथूनच. पहाटे गवताला येतो ना, तेव्हा."

"आणि उत्तर?"

"खालून येतं. तुमच्या गावाच्या अंगाने..." बोलता बोलता फुर्बाने पाठीवरचा डोको खाली ठेवला.

लाहिरीबाबू हसले. "वा! पिउऱ्याला पिउरा भेटला!" पण दोघांपैकी कोणी हसेना, तसे तेही ओशाळले आणि त्यांनी कॅमेऱ्याला झाकण घातले.

तिघे ओल्या दगडावर बसले. मका सोडला, पण कोणी हात लावला नाही.

"एकदा गप्प बसून ऐकू या," जसहर्क म्हणाला.

त्यांनी बराच वेळ ऐकले. पानांवरून पाणी टपकत होते. खालच्या रस्त्यावर एक ट्रक कण्हत चढून गेला. बाकी काही नाही. फुर्बाचे ओठ सवयीने पुढे आले, तेव्हा जसहर्कने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"नको रे. पुरे आता."

घरी पोचला तेव्हा जशमाया उंबऱ्यातच उभी होती. "बोलला का?"

"फुर्बा बोलला," जसहर्क म्हणाला आणि बूट न काढताच चुलीपाशी बसला. "पोराला फोन लाव. ती जागा अजून आहे का, विचार."