वहिनीचं पेडल

भूत, पिशाच्च, आत्मा... या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही बसलेला नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. मशीन आपोआप चालू झालं तर मी वायरिंग बघतो, अंगारा आणत नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. मी तुमच्या जागी असतो तर हसलोच असतो.

माझा थोरला भाऊ, दादा, फौजेतून रिटायर होऊन कोरेगावजवळ आमच्या गावी राहतो. नोकरीत असताना त्याचा उजवा खांदा निकामी झाला. हात कोपरापासून खाली चालतो, पण बाजूला जात नाही की वर उचलला जात नाही. त्याला मासेमारीचा लय नाद. पण वल्हं कसं मारणार? म्हणून पुण्याच्या एका फौजी मित्राकडून त्यानं सेकंडहँड कयाक, म्हणजे लांबट, अरुंद होडी आणली. दोन सीटची, आणि दोन्ही सीटपुढे पेडल. पायानं पेडल मारायचं, खाली पाण्यात पंखा फिरतो, होडी पुढे जाते. हात गळाला मोकळे.

दादा मागे बसायचा आणि पुढच्या सीटवर वहिनी. वहिनी गावात शिलाईकाम करायची. सगळा जन्म पायमशीनवर गेलेला. पहिल्या दिवशी पेडलवर पाय ठेवल्याबरोबर मला म्हणाली, "भावजी, ही तर पाण्यातली शिलाई मशीन हाय की."

आणि ती चालवायचीही तशीच. पायमशीन सुरू करताना उजव्या हातानं चाकाला हलका धक्का द्यावा लागतो ना? वहिनी होडीतसुद्धा आधी उजव्या काठावर तळहातानं हलकेच टप् करायची, मगच पाय हलवायची. एक शिवण घातल्यासारखी भरभर पेडल मारायची, थांबायची, आणि पुन्हा... टप्. दादा चिडवायचा, "अगं, हितं चाक न्हाई." ती म्हणायची, "हाताला सवय हाय, तुमचं काय जातंय?"

गेल्या वर्षी वहिनी गेली. थोड्याच दिवसांचं आजारपण झालं, कुणाला सावरायलाही वेळ मिळाला नाही. दिवसकार्य झाल्यावर दादानं पुढचं पेडल यंत्रासकट काढून माझ्या हातात दिलं. "भंगारात घाल," म्हणाला. मी ते वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगून ठेवलं. होडीतलं भोक झाकण लावून सीलंटनं बंद केलं.

त्यानंतर दादा गप्पच झाला. पुतणी, त्याची एकुलती लेक, पुण्याला आपल्याकडे बोलवायची, हा जायचा नाही. शेजारच्या काकू डबा द्यायच्या, तो तसाच परत जायचा. एक दिवस पुतणीचा फोन आला, "काका, बाबांना एकदा पाण्यावर घेऊन जा. मला भीती वाटते त्यांची." कसली भीती, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी गावी गेलो. कयाक गोठ्यात धूळ खात पडलेली. दादाच्या पेडलची पिन तुटली होती. या यंत्रात पंख्याजवळ एक पितळेची बारीक पिन असते. ती सारखी तुटायची, आणि वहिनी बॉबिनच्या डब्यात तिचे जास्तीचे नग ठेवायची. आता आम्हा कुपवाडकरांना एक खोड आहे. मोडलेली वस्तू पुन्हा मोडूच नये अशी करायची. मी पितळ फेकून दिलं आणि स्टीलची, हार्ड केलेली, फक्कड पिन बनवून बसवली.

कण्हेर धरणाच्या फुगवट्यावर दुपारी होडी सोडली. मी वहिनीच्या जागेवर, दादा मागे. वल्हं गाडीत राहिलंय हे माझ्या लक्षात आलं, पण मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे दादा, पिन माझ्या हातची हाय." एवढा फाजील आत्मविश्वास!

बरंच आत गेल्यावर पंख्यात जुन्या जाळ्याचा तुकडा अडकला. पितळेची पिन असती तर तिथल्या तिथे तुटली असती, दुसरी घातली असती, विषय संपला असता. ती पिन मुळी तुटण्यासाठीच असते! माझी स्टीलची पिन काही तुटली नाही... आत गिअरचे दात गेले. कर्रकन आवाज आला आणि दादाचे पाय मोकळेच फिरायला लागले.

मेढ्याच्या बाजूनं वारा सुटला होता. तो आम्हाला धरणाच्या भिंतीकडे ढकलत होता आणि आमचा काठ बरोबर उलट दिशेला होता. फोन गाडीत. मी हातानं पाणी मारून बघितलं, दमलो, होडी काही वळेना. मागे वळून बघतो तर दादानं लाइफ जॅकेटचा बकल काढलेला, जॅकेट खांद्यावरून उतरवून बाजूला ठेवलेलं.

"दादा, जॅकेट घाल."

"उकडतंया."

"वारं बघ कसलं सुटलंय. घाल म्हणतो ना."

तो पाण्याकडे बघत राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "तुला चांगलं पवता येतं. तू काठाला जा. मी बसतो हितंच. मला काय घाई न्हाई."

पुतणीला कसली भीती होती ते मला तेव्हा कळलं. मागे सरकावं तर होडी उलटेल, पाण्यात उतरावं तर हा एकटा राहील. गळाचा डबा मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून मी नुसता बसलो. रडायला येत होतं, खोटं कशाला सांगू?

आणि माझ्या उजव्या मांडीजवळ होडीच्या काठावर आवाज झाला... टप्.

होडी हलली. वाऱ्याच्या विरुद्ध! भरभर थोडं अंतर गेली आणि थांबली. पुन्हा टप्. पुन्हा सरकली. माझे दोन्ही हात डब्यावर होते. मागच्या सीटवरून दादाचा उजवा हात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. मी वाकून बघितलं, माझ्या पायांमधलं झाकण घट्ट बसलेलं, सीलंटसुद्धा कोरडं. खाली पंखा नाही, काही नाही. पण पायाखाली बारीक थरथर जाणवत होती, मशीनवर शिवण पडताना टेबल थरथरतं तशी.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. लहानपणी ताप आल्यावर कुणीतरी उशाशी येऊन बसल्यावर वाटतं, तसं काहीतरी वाटलं.

मागून दादाचा आवाज आला, "ऐकतूयास?"

"व्हय."

होडी थांबत, सरकत चालली होती. मध्येच मागे कट् असा आवाज झाला. बकल लागल्याचा. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला संकोच वाटला असता. तो ओलसर आवाजात हळूच म्हणत होता, "घातलं बाई, घातलं. तुज्यापुढं कुणाचं चालतंय."

होडीचं टोक आम्ही निघालो त्याच जागी चिखलात रुतलं. वारा तसाच होता, आमच्या तोंडावर येणारा. दादा उतरला, होडीच्या उजव्या काठावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि मला म्हणाला, "भूक लागलीया रं. काय आणलंयस का?"

गाडीत भाकरी आणि खर्डा होता. दादानं माझ्या वाटणीचीही भाकरी खाल्ली. मी त्याच्याकडे बघत बसलो होतो.

नंतर मी चौकशी केली. धरणाचे दरवाजे त्या दिवशी बंद होते. एक इंजिनिअर मित्र म्हणाला, पाण्याखालून उलटा प्रवाह असू शकतो. असेल. पण प्रवाह थांबून थांबून वाहतो का? आणि आधी टप् करतो का? त्यानं चहा पिऊन विषय बदलला.

पुढचं पेडल मी खिळ्यावरून काढून पुन्हा होडीत बसवलंय. मागचा गिअरही बदललाय, आणि दोन्हीकडे पिना पितळेच्या. दादा आता दर आठवड्याला पाण्यावर जातो, पुतणीला फोनवर माशांच्या थापा मारतो आणि मला पिना पाठवायला सांगतो.

मध्यंतरी मी न राहवून त्याला विचारलंच, "दादा, त्या दिवशी नेमकं काय झालं असंल रं?"

तो गळाला पीठ लावत होता. मान वर न करता म्हणाला, "समजून काय करनार हायस? आणलं न्हवं तिनं घरला?"