पुजलेला उंबरा

माझ्याच घराच्या दारात मी थांबले होते आणि मला आत जाता येत नव्हतं. सकाळी निघाले तेव्हा इथं माझ्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार होता. दुपारी परत आले तर उतार फोडलेला, आणि चौकटीत वीतभर उंचीचा कोरा दगडी उंबरा. सिमेंट अजून ओलं. खाली बसून त्याला हळदीकुंकू वाहत होती माझी सख्खी आई.

माझ्या मांडीवर देवीचा प्रसाद होता. धाकट्या भावाचं, सतीशचं लग्न ठरलेलं. आमच्याकडं पहिली पत्रिका तुळजापूरच्या देवीला, आणि तो मान घरातल्या कर्त्या माणसाचा. आदल्या दिवशी सतीश म्हणाला होता, "आक्का, पत्रिका घेऊन तूच जा. आबाच्या जागी आता तूच हायस." मला भरून आलं. आबा, आमचे वडील, गेल्यावर पतसंस्थेतल्या माझ्या पगारावर घर चाललं, सतीश शिकला. वाटलं, पोरानं जाण ठेवली. सकाळीच स्कूटर काढली. तिला दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवून घेतलीत, आणि मागं लोखंडी चौकट, तिच्यात घडी घातलेली खुर्ची बसते. देवळात खाली पायऱ्या. आमचे पुजारी वर महाद्वारापाशी येऊन पत्रिका घेऊन गेले. मी वरूनच हात जोडले आणि हरखून घरी आले. मूर्ख बाई.

"हे काय केलंस रं?"

सतीश बाहेर आला. नजर जमिनीत. "नवरी माप कुठनं लवंडंल, आक्का? उतारावरनं? घराला उंबरा नगं व्हय?"

"मला का न्हाय इचारलं?"

"तू करू दिलं असतंस व्हय?" मग पोटातलं ओठावर आलं. "सोयरे आले तवा आधी उतारच दिसला त्यास्नी. घरात कोण पांगळं हाय, इचारत हुते."

आई वर न बघता म्हणाली, "तुझी सोय केलीया बाई. गोठ्याशेजारच्या खोलीत पलंग हलवलाय. तितं उतार बी करून दिलाय. लई ऐसपैस हाय."

गोठ्याशेजारी. मी देवीपुढं भावाचा संसार सुखाचा होऊ दे म्हणत होते, तेव्हा ही माणसं माझी गादी उचलत होती. समोरच्या उतारासाठी मी वर्षानुवर्षं घरच्यांच्या मागं लागले होते. मागचा एका सकाळीत झाला.

लग्नाच्या तयारीला आलेले मामा पुढं आले, वाकले. "चल, म्या घेतो आत उचलून." लहानपणापासून मला असंच उचललंय. बगलेत हात. साडी गुडघ्यापर्यंत वर. भोवतीचे बघतात, आणि मी डोळे मिटून घेते. कुणी कधी विचारलं नाही, उचलू का म्हणून.

"हात लावू नका, मामा."

मामा तसेच थबकले. असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले होते.

मिस्त्री कडेला थापी धूत होता. समोरचा उतारही त्यानंच केलेला. कावराबावरा होऊन म्हणाला, "आक्का, मला तर सांगितलं, तुमच्याच म्हणण्यावरनं चाललंय."

"हा दगड निघंल का?"

"आत्ता निघंल. उद्या सिमेंटनं धरलं की मग अवघड हाय."

"मग काढा."

आईनं उंबऱ्यावर दोन्ही हात ठेवले. "पुजलाय गं आत्ताच. लगीनघर हाय. इपरीत हुईल."

मला रडू फुटलं. दगडाला हळदीकुंकू, आणि पोटच्या पोरीला गोठा. "आई, बाजूला हो," मी म्हणाले. "मिस्त्री, पहार घाला."

मिस्त्रीनं सतीशकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पहार घातली. दगड हळदीकुंकवासकट अंगणात पडला. मिस्त्रीनं फळी टाकली आणि मी माझ्या हातांनी चाकं ढकलत आत गेले. मग गोठ्याकडून माझा पलंगही परत आणायला लावला.

उतार पुन्हा झाला. लग्नही झालं. माप दारात सपाट जागी ठेवलं, नवरीनं ते पायानं लवंडलं, तांदूळ घरात सांडले. विपरीत काही झालं नाही. पण आईनं दिलेला चहा मी तिच्याकडं न बघता घेते. सतीश म्हणतो, झालं गेलं विसर. कसं विसरू? मी कामावर गेले की मागं पुन्हा मिस्त्री येणार नाही, याचा भरवसा कोण देणार?

म्हणून मी वाटणी मागितली आहे. बापाच्या घरात लेकीचाही हिस्सा असतो. सतीश लगेच म्हणाला, "मागलं समदं घे आक्का, गोठ्यासकट. तुलाच जास्त ईल."

मला जास्त नको. मला समोरचा दरवाजा पाहिजे. सरळ दिला तर ठीक, नाहीतर धाराशिवच्या कोर्टातून घेईन. तिथं पायऱ्या असतील तर साहेबांनी खाली यावं. मला कुणी उचलायचं नाही.