तेल पिणारं अंग

आमच्या खुटबाव गावात बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांना तेल लावायला एक बाई येत. सगळे त्यांना मावशी म्हणत. तिळाच्या तेलात माका आणि निर्गुडीचा पाला टाकून, पाल्याची चरचर थांबेपर्यंत त्या आमच्याच चुलीवर कढवायच्या. "अंग म्हंजी रान," म्हणायच्या, "तहानलेलं असंल तर बरं."

पण गावाला त्यांची धास्तीही वाटे. शेजारच्या आबांची पाठ चोळताना एकदा त्या मधेच थांबल्या. "तेल पीत न्हाई," एवढंच बोलून उठल्या. थोड्याच दिवसांत आबा गेले.

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झालेली, चिमणीएवढी. मावशी तिला पायांवर घेत, तेव्हा मी मुलीकडे बघायचेच नाही. त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

एका सकाळी त्यांचा हात थांबला. मी कधी कोणाला काही विचारत नाही, पण तेव्हा विचारलं, "मावशी, पोर तेल पिती ना?"

"पिती की. लई खादाड हाय तुझी लेक."

मावशी मुलीकडे बघत नव्हत्या. त्यांच्याच कोपराखाली तेलाचा एक ओघळ आला होता. त्यांनी तो चोळला, पुन्हा चोळला. तेल पसरलं, पण जिरेना.

"आता तू लाव," म्हणत त्यांनी मुलगी माझ्या पायांवर दिली.

मी लावू लागले. मला हायसं वाटत होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती. समोर मावशी आपल्याच हाताला हळू आवाजात विचारत होत्या, "आसं का करतुयास रं?"